‘खुनी छत्री’चं शूटिंग

“पळ!” श्यामकांत गॅलरीतून ओरडला आणि उत्तम पळाला.

खरं सांगायचं तर उत्तम आधी पळाला आणि श्यामकांत नंतर ओरडला. हातात काळी छत्री, भर मे महिन्यात गळ्याला मफलर आणि चेहऱ्यावर खुनी माणसाला शोभतील असे भाव! अशा थाटात तो कवठवाडीच्या फाटकातून आत घुसला. त्याच्यामागे इन्स्पेक्टर झालेला दगडू. दगडूच्या डोक्यावरची टोपी मामाची होती आणि तोंडातली शिट्टी धाकट्या बहिणीची. शिट्टीतला मणी केव्हाच हरवला होता, त्यामुळे ती वाजत नसे, नुसती फुसफुसे. पण सिनेमा मुकाच असल्यामुळे ते चालण्यासारखं होतं.

पुढे जे घडलं ते मात्र कथेत नव्हतं.

पिठाच्या गिरणीच्या फळ्या धडाधड लागल्या. लॉन्ड्रीवाल्याने इस्त्रीसकट आत उडी मारली. पानवाल्याने आपला गल्ला डोक्यावर घेतला. केशकर्तनालयाचं दार बंद झालं, आणि अर्ध्या तोंडाला साबण लावलेलं एक गिऱ्हाईक बाहेरच राहिलं.

“लाठीमार! लाठीमार आला!” कोणीतरी ओरडलं.

“कुठून आला?”

“ते आत गेल्यावर बघू!”

बघता बघता अख्खी वाडी चिडीचूप! मधोमध फक्त दोन पोरं, एक छत्री आणि तो साबणवाला गृहस्थ.

“कट!” श्यामकांत हताशपणे म्हणाला.

त्यात वाडीचं काही चुकलं नव्हतं. साल एकोणीसशे अठ्ठावन्न. संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरगावाने मोर्चे काढले होते, सभा भरवल्या होत्या, होते नव्हते तेवढे गळे बसवले होते. दोन वर्षांपूर्वी लाठ्या खाल्ल्या होत्या, गोळीबारही पाहिला होता. तेव्हापासून कोणी पळताना दिसलं, की तो का पळतोय हे विचारण्याआधी दुकान बंद करायचं, अशी लोकांच्या हातांना सवयच लागली होती. मोर्चात जायला कोणी भीत नसे. लाठी दुकानात शिरू नये, एवढंच सर्वांचं म्हणणं होतं.

“आता पुन्हा तालीम!” श्यामकांत म्हणाला.

“पुन्हा?” दगडू धापा टाकत जिन्यावरच बसला. “अरे, किती पळू? आणि कॅमेऱ्यात फिल्म तर नाहीच!”

हेही खरं होतं. किल्लीवर चालणारा तो छोटा कॅमेरा श्यामकांतच्या आजोबांचा, म्हणजे अण्णांचा. अण्णा हायकोर्टातून निवृत्त झालेले, आणि फोटोग्राफीचे जबर शौकीन. पण परदेशी फिल्म आता बाजारात मिळेनाशी झाली होती. अण्णांच्या कपाटात शेवटचं एकच रीळ उरलं होतं. “तालीम रिकाम्या कॅमेऱ्याने करा. काम चोख झालं, की रीळ देईन,” असा त्यांचा हुकूम होता. त्यामुळे ‘खुनी छत्री’ हा थरारपट आठवडाभर नुसताच पळत होता.

“आणि तू रे उत्तम,” श्यामकांतची बहीण राजलक्ष्मी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “काल मफलरची गाठ डावीकडे होती. आज उजवीकडे! मध्येच गाठ कशी फिरेल? प्रेक्षक काय म्हणतील?”

राजलक्ष्मीचं कामच ते होतं. आधीच्या दृश्यात जे जसं होतं, ते पुढच्या दृश्यात तसंच आहे ना, हे बघायचं. बारा वर्षांची होती, पण तिच्या नजरेतून शर्टाचं बटणसुद्धा सुटत नसे. घरच्यांना याचा आधीपासूनच त्रास होता. सिनेमामुळे त्याला हुद्दा मिळाला, इतकंच.

“प्रेक्षक माझी गाठ बघतील का माझा अभिनय?” उत्तम म्हणाला.

“अभिनय?” दगडू म्हणाला. “तू तर सांगायच्या आधीच पळतोस!”

“मग? मला ठाऊकच असतं ना पळायचंय ते! उगाच कशाला वाट बघू?”

पायरीवर बसलेली पुतळाबाई हे ऐकून खदखदून हसली. पुतळाबाई ही उत्तमची आजी. वरळीच्या कोळीवाड्यातून ती रोज मासळी घेऊन यायची आणि वाडीतल्या पहिल्या इमारतीच्या पायरीवर बसायची. ती बसायची त्याआधी तिथे तिची सासू बसायची. कवठवाडीतली प्रभू ज्ञातीची मंडळी एक वेळ देवाचं दर्शन चुकवतील, पण पुतळाबाईची पाटी बघितल्याशिवाय फाटकाबाहेर पडणार नाहीत. सुट्टी लागल्यापासून उत्तमही तिच्याबरोबर येत होता.

“पोरा, घाई करू नको रं,” ती म्हणाली. “जालं भरायच्या आधी वढलं, तर मावरं गावत नाय!”

---

दुसऱ्या दिवशी श्यामकांतने शहाणपणा केला. चौघांनी दुकानोदुकानी जाऊन सांगितलं, “आज दुपारी आम्ही पळणार आहोत. सिनेमासाठी! कृपा करून कोणी बंद करू नका.” सगळ्यांनी कबूल केलं. साबणवाल्या गृहस्थांनी तर त्या दिवशी दाढीच केली नाही.

श्यामकांत आणि राजलक्ष्मी गॅलरीत उभे राहिले. उत्तम आणि दगडू फाटकाबाहेर तयार. श्यामकांतने हात वर केला...

फुर्रर्रर्र!

शिट्टी वाजली! खणखणीत, पोलिसाची असावी तशी. आणि धडाड धडाड धडाड! फळ्या, शटरं, दारं, खिडक्या! सगळं बंद! रेशनच्या दुकानासमोर उभी असलेली बायकांची रांग पिशव्या छातीशी धरून घराघरांत पांगली. पुतळाबाईने पाटीवर फडकं टाकलं आणि ती इतरांबरोबर जिन्यात शिरली. शेजारचे धराधरआजोबा घाईघाईत पायरी चुकले आणि त्यांचा पाय मुरगळला.

“दगड्या!” श्यामकांत किंचाळला.

“मी नाही वाजवली!” दगडू खालून ओरडला. “माझी वाजतच नाही रे!”

पण हे ऐकतंय कोण? त्या आठवड्यात शिट्टी वाजून वाडी बंद पडण्याची ही दुसरी खेप होती. आणि पोलीस? एकही आला नव्हता.

संध्याकाळी वाडीची सभा भरली. अध्यक्षस्थानी अर्थातच तळपदेकाका. वाडीच्या मंडळाचे ते कायमचे अध्यक्ष. पण बोलायला उठले ते चिंतामणराव.

चिंतामणरावांचं वाडीत सरकारमान्य स्वस्त धान्याचं दुकान होतं. संयुक्त महाराष्ट्राचे कडवे भक्त! चळवळीसाठी त्यांनी जितक्या वेळा दुकान बंद ठेवलं होतं, तितक्या वेळा ते उघडलंसुद्धा नव्हतं. दुकानाच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी होती, ‘झालाच पाहिजे!’ आणि तिच्याखाली दुसरी, ‘तांदूळ संपला.’

“बंधुभगिनींनो!” चिंतामणराव म्हणाले. “ही कार्टी सिनेमाच्या नावाखाली वाडीत घबराट पसरवतात. आज धराधरआजोबांचा पाय गेला, उद्या कोणाचा जीव जाईल! आणि शिट्टी कुठून वाजते? त्या मासळीवालीच्या पायरीपासून! मी स्वतःच्या कानांनी ऐकली. तिचाच नातू यांचा म्होरक्या. माझं म्हणणं, तिला तिथून उठवा!”

“तिला कशाला?” अण्णा म्हणाले. “तिच्या सासूपासूनची जागा आहे ती.”

“अण्णासाहेब, पापलेटाच्या प्रेमापायी वाडीचं रक्षण विसरू नका!”

यावर सभेत बरीच चुळबूळ झाली, कारण पापलेटावर प्रेम सर्वांचंच होतं. पण धराधरआजोबांचा सुजलेला पाय समोरच स्टुलावर होता. तळपदेकाकांनी घसा साफ केला.

“सोमवारपासून पुतळाबाईंनी पायरीवर बसू नये. आणि मुलांनी वाडीत पळू नये. सभा संपली.”

पुतळाबाई फाटकाजवळ उभी होती. तिने नुसती रिकामी पाटी उचलून डोक्यावर ठेवली. उत्तमने तिला कधी इतकं गप्प बघितलं नव्हतं.

“आजी, दुसरीकडे बसशील ना गं?” त्याने विचारलं.

“कया बसू?” ती म्हणाली. “बाजारात जागा नाय. आनि बाजारात मना कोन वलखतो? हितं मी पुतळाबाय हाय. थितं नुसती मासलीवाली.”

---

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं गच्चीवर जमली.

“चुकलं माझं,” श्यामकांत म्हणाला. “मी सिनेमा काढला नसता, तर हे झालंच नसतं.”

“शिट्टी आपण वाजवली नाही,” उत्तम म्हणाला. “मग आपलं काय चुकलं?”

“पण वाजवली कोणी?”

राजलक्ष्मी डोळे मिटून बसली होती. अशी बसली की ती मनातल्या मनात काहीतरी पुन्हा बघत असे.

“थांबा,” ती म्हणाली. “काल दृश्य चुकलं होतं.”

“सगळंच चुकलं होतं!” दगडू म्हणाला.

“तसं नव्हे रे! मी कॅमेऱ्याच्या भिंगातून रस्ता बघत होते. परवाच्या तालमीत रेशनच्या दुकानाचं शटर पूर्ण वर होतं. काल बघते तर अर्धं खाली! मी म्हणणारच होते, श्याम, हे जुळत नाही. इतक्यात शिट्टी वाजली.”

“मग?”

“अरे, शिट्टीच्या आधी! बाकीची सगळी दुकानं शिट्टी ऐकून बंद झाली. त्यांचं मात्र आधीच अर्धं खाली आलं होतं!”

“हुशार असेल माणूस,” दगडू म्हणाला.

“हुशार नाही!” राजलक्ष्मी ताडकन उभी राहिली. “त्याला ठाऊक होतं! उत्तमसारखं! उत्तम नाही का ‘पळ’ म्हणायच्या आधीच पळत? का? तर आता ‘पळ’ म्हणणार हे त्याला माहीत असतं!”

सगळे उत्तमकडे बघू लागले. आपल्या वाईट अभिनयाचा असा गौरव होईल, असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

“म्हणजे चिंतामणराव नट आहे,” श्यामकांत हळूच म्हणाला. “आणि कच्चा नट आहे!”

“पण स्वतःचंच दुकान बंद पाडून त्याला काय मिळतं?” दगडूने विचारलं.

त्याचं उत्तर खालीच मिळालं. लॉरी येऊन गेली होती आणि दुकानावर गणपत नावाचा नोकर नवी पाटी लावत होता, ‘तांदूळ आला.’ रांग लागायलाही सुरुवात झाली होती.

“आधी दोन्ही वेळा शिट्टी वाजली ती तांदूळ आला त्याच दिवशी,” राजलक्ष्मी म्हणाली. “आणि संध्याकाळी पाटी काय? ‘तांदूळ संपला!’ रांग तर पळून गेली होती. मग तांदूळ कोणी नेला?”

त्या दिवशी दुपारी पुतळाबाईच्या पायरीशेजारी एक मोठा टोपला उपडा पडला होता. त्याच्याखाली उत्तम होता. पायरीच्या बाजूने एक अरुंद गल्ली दुकानाच्या मागच्या दाराकडे जात होती, आणि टोपल्याच्या फटींतून ती सगळी दिसत होती.

शिट्टी वाजली! वाडी बंद! पुतळाबाई जिन्यात!

थोड्या वेळाने उत्तम गच्चीवर आला तेव्हा दगडूने नाक दाबलं. “अरे, काय हा वास!”

“वास राहू दे! ऐका! शिट्टी गणपत वाजवतो. दुकानाच्या माळ्यावर गल्लीच्या बाजूला खिडकी आहे ना, तिथून! म्हणून ती आजीच्या पायरीपाशी वाजल्यासारखी वाटते. मग तो खाली उतरतो, मागचं दार उघडतो, आणि हातगाडी बाहेर! गाडीवर पोती! आणि पोत्यांवर काय झाकलेलं सांगू?”

“काय?”

“मोर्चाचा फलक! कापडी! ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’!”

असल्या फलकाखालची गाडी गिरगावात कोण अडवणार? उलट लोक वाट करून देणार, आणि वर टाळ्या वाजवणार!

“चिंतामणराव म्हणत होता, पोती रे रोड स्टेशनाजवळ मेव्हण्याच्या वखारीत नेऊन लाव. आणि काय म्हणाला माहीत आहे? ‘सोमवारपासून ती म्हातारी नसेल, मग निवांत नेता येईल.’”

म्हणजे पुतळाबाई वाडीच्या नव्हे, चिंतामणरावांच्या वाटेत बसली होती!

श्यामकांत धावतच, म्हणजे धावायला बंदी असल्यामुळे भराभर चालत, तळपदेकाकांकडे गेला. काकांनी सगळं ऐकलं आणि चष्मा पुसला.

“अरे, संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्या माणसाने इतक्या वेळा दुकान बंद ठेवलं, तो असं करील? लाज वाटत नाही? आणि साक्षीदार कोण? टोपल्याखालचा नातू! जा, अभ्यास करा.”

“सुट्टी आहे, काका.”

“मग झोपा!”

अण्णांनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं. मग कपाट उघडून ते शेवटचं रीळ श्यामकांतच्या हातात ठेवलं.

“ऐकलेलं कोणी मानत नाही, बाळ,” ते म्हणाले. “वाडीला दाखवायला हवं. शनिवारी पुन्हा लॉरी येईल. पण याची तालीम घेता यायची नाही हं!”

“अण्णा, पण नुसती फिल्म दाखवून काय होईल? फिल्म धुऊन येईपर्यंत सोमवार उलटून जाईल!”

“मग?”

श्यामकांत विचारात पडला. रीळ हातात फिरवलं. आणि एकदम त्याचे डोळे चमकले.

“अण्णा! प्रेक्षक आधीच नेऊन बसवले तर?”

---

शुक्रवारी रांगेतल्या प्रत्येक बाईला आमंत्रण गेलं. ‘खुनी छत्री’त काम कराल का?

“अगो बाई! मी?” तळपदेकाकांच्या पत्नी दुर्गाकाकू लाजल्या. “माझं काय वय आहे का सिनेमात जायचं? कुठली साडी नेसू?”

“नेहमीचीच. पिशवी मात्र हवी,” राजलक्ष्मी म्हणाली. “तुम्ही रेशनच्या रांगेत उभं राहायचं. शिट्टी वाजली की नेहमीसारखं पांगायचं. पण घरी नाही जायचं! तुमच्या जिन्याखालच्या बोळातून मागच्या गल्लीत जायचं आणि रांगेने बसायचं.”

“आणि बोलायचं काय?”

“काही नाही!” श्यामकांत घाईने म्हणाला. “मुका सिनेमा आहे. मी ‘कट’ म्हणेपर्यंत एक शब्दही नाही. बघायचं फक्त. टक लावून.”

“एक शब्दही नाही?” दुर्गाकाकूंना हे जरा जड गेलं. पण कलेसाठी त्या तयार झाल्या.

तळपदेकाकांचं प्रकरण कठीण होतं.

“पळायची बंदी आहे!” ते गरजले.

“काका, या दृश्यात कोणी पळतच नाही. सगळे नुसते बसतात,” श्यामकांत नम्रपणे म्हणाला. “फक्त न्यायाधीश उभे असतात. भारदस्त चेहऱ्याचे न्यायाधीश. आम्हाला वाडीत दुसरा तसा चेहरा सापडत नाही.”

काकांनी आरशात पाहिलं. चेहरा भारदस्त होता, यात शंका नव्हती.

शनिवारी लॉरी आली. पाटी लागली. रांगही लागली, आणि अशी रांग त्या दुकानासमोर कधी लागली नव्हती! नेहमीच्याच साड्या, असं सांगितलं होतं. पण पैठण्यांशिवाय काही दिसेना. वेण्या, गजरे, पावडर! मे महिन्याच्या उन्हात पावडरीचे ओहोळ वाहू लागले. मागच्या गल्लीत, माळ्याच्या खिडकीतून दिसणार नाही अशा कोपऱ्यात, तळपदेकाका काळा कोट घालून उभे होते आणि न्यायदानाआधीच घामाने भिजले होते. वर गल्लीकडच्या गॅलरीत श्यामकांत कॅमेरा घेऊन तयार. यावेळी रीळ भरलेलं! पुढच्या गॅलरीत राजलक्ष्मी हातात रुमाल घेऊन दुकानाकडे बघत होती.

वेळ जात होता. शिट्टी वाजेना.

“आज नाही वाजवली तर?” दगडू कुजबुजला.

उत्तमने पायरीकडे बघितलं. पुतळाबाई तिथे शांत बसली होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. आज शेवटचं बसणं, असं समजून तिने पायरी सकाळीच धुऊन काढली होती.

इतक्यात राजलक्ष्मीचा रुमाल हलला. रेशनच्या दुकानाचं शटर हळूच अर्धं खाली येत होतं!

फुर्रर्रर्र!

वाडी बंद झाली. रांग पांगली, बोळात शिरली आणि बांगड्यासुद्धा न वाजवता मागच्या गल्लीत येऊन बसली. एकीमागे एक, मांडीवर पिशवी, नजर समोर. जिन्याकडे निघालेल्या पुतळाबाईला उत्तमने हाताला धरून आणलं आणि सर्वांत पुढे बसवलं.

“काय चाललंय रं?”

“आजी, सिनेमा! बोलू नको!”

मागचं दार करकरलं. आधी चिंतामणराव बाहेर आले, पण पाठमोरे. हातगाडी दारातून नीट निघावी म्हणून ते हातांनी खुणा करत मागे मागे येत होते.

“ये... ये... डावीकडे घे... अरे, फलक नीट झाक की! ‘महाराष्ट्र’ दिसू दे, पोती नकोत दिसायला! ये... अजून...”

आणि त्यांची पाठ दुर्गाकाकूंच्या पिशवीला टेकली.

ते वळले.

समोर अख्खी रांग. पैठण्या नेसलेली, पिशव्या घेतलेली, टक लावून बघणारी. आणि एक शब्द नाही!

चिंतामणराव हसले. कोणी हसलं नाही.

“हे... हे आपलं... उंदीर फार झालेत दुकानात,” ते म्हणाले.

शांतता.

“म्हणून म्हटलं, रे रोडला... मेव्हण्याची लाकडाची वखार आहे... हवा चांगली असते तिथे. तांदळाला हवा लागते.”

शांतता. वर कॅमेरा किर्रर्र करत होता, तेवढाच आवाज. बायका आरडाओरडा करतील, तर चिंतामणरावांना त्याची सवय होती. रोज दुकानात तेच ऐकत होते. पण हे असं बघणं त्यांनी कधी सोसलं नव्हतं.

“सगळा नाही नेत हो! थोडा ठेवतो! आणि शिट्टीचं म्हणाल तर... ती या गणपतची कल्पना!”

“माझी?” गणपत गाडी सोडून पुढे आला. “साहेब, शिट्टी तुम्ही आणून दिलीत! ‘रांग पळाली की गाडी काढ,’ कोण म्हणालं?”

“गप्प बस! अहो, कोणीतरी बोला ना! दुर्गाबाई! बोला की!”

दुर्गाकाकूंचे ओठ थरथरत होते. पण ‘कट’ झालेलं नव्हतं. त्या वाडीत आजवर झालेल्या त्यागांमध्ये त्यांच्या त्या मौनाचा नंबर फार वर लागेल.

आणि तेव्हा दगडूला राहवलं नाही. इन्स्पेक्टरची टोपी सावरत तो पुढे आला. “बदमाश! कायद्याच्या हातून आजवर कोणी सुटला नाही!”

“अरे, मुका सिनेमा आहे!” श्यामकांत वरून ओरडला. “कट! कट!”

मग काय विचारता! महिनाभर रांगेत उभ्या राहिलेल्या सगळ्या बायका एकदम बोलू लागल्या. तो आवाज ऐकून पुढची दुकानं पुन्हा बंद झाली.

या सगळ्या गदारोळात तळपदेकाका पुढे झाले. त्यांनी फलकाचं एक टोक धरलं, नीट घडी घालून तो काखेत घेतला, आणि खालच्या पोत्यांकडे बघितलं. चेहरा खरोखरच न्यायाधीशासारखा दिसत होता.

“चिंतामणराव,” ते म्हणाले, “या फलकासाठी लोकांनी डोकी फोडून घेतली. आणि तुम्ही त्याचं ताडपत्रीचं काम केलंत!”

चिंतामणरावांनी मान खाली घातली. यावर त्यांच्याकडे पाटी नव्हती.

---

तांदूळ तिथेच, गल्लीत, हातगाडीवरून वाटला गेला. वजनाला दुर्गाकाकू बसल्या. सोमवारी रेशनिंगचे अधिकारी आले, कुलूप लागलं आणि थोड्या दिवसांत दुकान दुसऱ्याला मिळालं.

फिल्म धुऊन आली तेव्हा अंगणात पांढरी चादर टांगून ‘खुनी छत्री’ दाखवण्यात आली. अण्णांचा प्रोजेक्टर, आणि वाडीभरच्या खुर्च्या. सिनेमात सगळ्या बायका फार सुंदर दिसल्या. खून मात्र झालाच नाही, कारण तोपर्यंत रीळ संपलं होतं. छत्रीही कुठेच नव्हती.

“मग खुनी कोण?” धराधरआजोबांनी पाय चोळत विचारलं.

“पुढच्या सुट्टीत ठरवू, आजोबा!”

अण्णा उठले. “मी सबंध जन्म कोर्टात घालवला,” ते म्हणाले. “साक्षीदार बोलतो कसा, हे पुष्कळ पाहिलं. पण सगळे गप्प बसल्यावर आरोपी स्वतःच बोलतो, हे मला या पोरांनी शिकवलं. राजलक्ष्मी, तुझ्या नजरेला माझा नमस्कार. आणि उत्तम, तुझ्या वाईट अभिनयालासुद्धा!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. तळपदेकाकांनी तर तो सिनेमा पुन्हा लावायला सांगितला. न्यायाधीशाचा चेहरा पहिल्यांदा नीट दिसला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतळाबाई पाटी घेऊन वाडीत आली, तेव्हा पायरीपाशी तळपदेकाका आधीच पिशवी घेऊन उभे होते. बंदी तर त्या शनिवारीच उठली होती, पण आदल्या संध्याकाळी मंडळाने रीतसर नवा ठराव केला होता. पुतळाबाईची जागा पुतळाबाईचीच. तिथून तिला कोणी उठवायचं नाही. काकांनी तो तिला वाचून दाखवला, आणि वाचता वाचता त्यांची नजर पाटीतल्या पापलेटांवर घसरत होती.

“तेव्हा पुतळाबाई,” ते घाईघाईने म्हणाले, “झालं गेलं विसरून जा. ती दोन मोठी पापलेटं कशी दिलीत?”

पुतळाबाईने पाटी खाली ठेवली. पदर खोचला. पायरीवर पाण्याचा शिपका मारला, फडक्याने ती पुसली, मग पुन्हा एकदा पुसली.

“थांबा वाईच, काका,” ती म्हणाली. “आदी मना नीट बसू द्या.”

आणि कवठवाडी मंडळाचे अध्यक्ष, हातात पिशवी धरून, उन्हात थांबले.